मालक गादीवर, किल्ली कातिबाच्या कमरेला

मालेगाव असो, भिवंडी असो, सोलापूर असो की इचलकरंजी, कोणत्याही पेठेत जा आणि आपल्या एखाद्या कापड व्यापाऱ्याला किंवा कारखानदाराला विचारा की, तुमच्या जीएसटीचा पासवर्ड कोणाकडे आहे? उत्तर बहुधा एकच येईल : "तो आमच्या ऑपरेटरकडे असतो." पुढे विचारा की, नोंदणीत मोबाईल नंबर कोणाचा दिला आहे? पुष्कळदा तोही ऑपरेटरचाच निघतो. ईमेल तर हमखास त्याचाच. तिजोरीची किल्ली जो सख्ख्या भावाच्या हाती देत नाही, तो व्यापारी आपल्या धंद्याच्या साऱ्या दस्तावेजांची किल्ली दरमहा काही रुपयांवर काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधून स्वतः गादीवर निर्धास्त बसलेला आहे.

ऑपरेटर लबाड असतो असे मला म्हणायचे नाही. बहुतेक जण मेहनती आणि सरळ असतात. परंतु एकेक ऑपरेटर पन्नास-साठ दुकानांचे काम पाहतो. तुमच्या दुकानाची चिंता त्याला तुमच्याइतकी असण्याचे कारण नाही.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. पूर्वी विक्रीकर खात्याची नोटीस शिपाई घेऊन येत असे, किंवा रजिस्टर पोस्टाने येत असे. सही करून घ्यावी लागत असे, त्यामुळे मालकाला कळतच असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि हा रिवाज बदलला. आता नोटीस पोर्टलवर ठेवली की ती बजावली गेली, असे धरण्याची तरतूद कायद्यात आहे. ती तुम्ही उघडून पाहिली की नाही, हा तुमचा प्रश्न. ऑपरेटर रमजानच्या सीझनमध्ये गुंतलेला असतो, नोटीस पडून राहते, उत्तराची मुदत जाते, एकतर्फी आदेश निघतो. त्या आदेशावर अपील करण्यास तीन महिने मिळतात, सबळ कारण दाखविल्यास वर आणखी एक महिना. तेही निघून जातात. मग एके दिवशी बँकेत चेक परत जातो आणि चौकशी केल्यावर कळते की, खाते वसुलीसाठी अडविले गेले आहे. इतके होईपर्यंत मालकाला खबरही नसते. ज्या रकमेवर भांडता आले असते, ती भांडण न करताच मान्य केल्यासारखी होते.

कॉलेजमध्ये इंटरनेट कसे शिकवावे हा या लेखाचा विषय आहे आणि सुरुवात मी जीएसटीच्या नोटिशीने केली, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. आपली मुले-मुली कॉलेजात इंटरनेटचा पेपर देऊन पास होतात आणि त्याच घरातील बापाचा पासवर्ड परक्याच्या खिशात राहतो. शिकलेले आणि लागणारे यांची भेटच होत नाही. ही भेट घडवून आणणे कॉलेजच्या हाती आहे आणि बरेचसे आपल्याही हाती आहे, कारण आपल्या बहुतेक शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारीच बसलेले असतात.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावच्या मुलांना संगणकासमोर बसविले. उर्दूच्या राष्ट्रीय परिषदेने आपल्या केंद्रांतून संगणक, हिशेब आणि बहुभाषी छपाई यांचा एक वर्षाचा डिप्लोमा दिला. त्यातून शिकून निघालेले कितीतरी तरुण उर्दू छापखान्यांत आणि कार्यालयांत रोजीला लागले. या कामाची कदर केली पाहिजे. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रमही तयार करून दिला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातील संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली असून तीत मुख्य विषयाखेरीज कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे छोटे पेपर आले आहेत. संगणक आणि इंटरनेट यांना त्यात कोठे ना कोठे जागा मिळते. म्हणजे जागा आहे, वेळ आहे, शिक्षकही आहेत. अडचण आहे ती शिकविले काय जाते याची.

आमच्या शेजारची एक मुलगी बी.कॉम.ला आहे. तिची वही मी एकदा पाहिली. अक्षर सुरेख. त्यात जाळ्यांचे प्रकार होते, लहान, मध्यम आणि मोठे. चार-पाच इंग्रजी आद्याक्षरांची पूर्ण रूपे होती. इंटरनेटचे फायदे व तोटे होते, फायदे आठ आणि तोटे सहा. तिला या पेपरात चांगले गुण मिळाले होते. मी दुकानात आलेले सुताचे एक बिल तिच्यासमोर ठेवले आणि म्हटले, "बेटी, ही पार्टी नवी आहे. खरी की खोटी, चालू की बंद, हे मला इंटरनेटवर पाहून सांग." ती गोंधळली. तिने पार्टीचे नाव टाकून शोधले. त्या नावाच्या डझनभर पेढ्या निघाल्या, त्यांत एक मिठाईवालाही होता. यात तिचा काही दोष नाही. तिला कोणी असे काम दिलेच नव्हते.

मग आम्ही दोघांनी मिळून ते बिल वाचले. बिलावरचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, राजस्थानचे ०८. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या पार्टीचा पॅन. म्हणजे बिलावर पत्ता सुरतचा आणि नंबर २७ ने सुरू होणारा असेल, तर तेथेच थांबून विचारले पाहिजे. त्यानंतर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर पासवर्ड न टाकताही करदात्याचा शोध घेता येतो. तेथे तो नंबर टाकला की, पेढीचे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे भरली जातात की नाही, एवढे सर्व समोर येते. पाच मिनिटांचे काम. एक पैसा लागत नाही. मुलीने ते एकदा केले आणि त्यानंतर वडिलांच्या दुकानातील जुनी बिले काढून एकेक नंबर तपासत बसली. वही पाठ करताना तिच्या चेहऱ्यावर जे नव्हते ते मी त्या दिवशी पाहिले.

या पाच मिनिटांची किंमत व्यापाऱ्याने समजून घ्यावी. विकणाऱ्याने आपले बिल पोर्टलवर चढविले नाही, तर घेणाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून ही अट कायद्यात स्पष्ट लिहिली आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तुमच्या नावाचा एक तक्ता तयार होतो. कोणत्या पार्टीने तुमचे बिल चढविले आणि कोणत्या नाही, हे त्यात दिसते. कापडावर कर शेकडा ५ आहे. म्हणजे एक लाखाच्या मालावर पाच हजार. ग्रे कापडाच्या धंद्यात आपल्याला शेकडा दोन-तीन रुपये सुटले तरी आपण अलहम्दुलिल्लाह म्हणतो. रद्द झालेल्या नोंदणीवर माल घेतला, तर दोन खेपांचा नफा एका खेपेत जातो.

आता कोणी म्हणेल, हे तर हिशेबाचे शिक्षण झाले, इंटरनेटचे कोठे? माझे म्हणणे असे की, इंटरनेटचे शिक्षण म्हणजे मुळात पडताळणीचे शिक्षण आहे. बटणे दाबणे तर पाच वर्षांचे पोरही शिकते. समोर आलेली गोष्ट कोणी सांगितली, केव्हा सांगितली, त्याला ती सांगण्याचा अधिकार आहे का, दुसरीकडे तिला दुजोरा मिळतो का, हे विचारण्याची सवय लागणे हे खरे शिक्षण. आणि या बाबतीत आपल्या समाजाने कोणापुढे हात पसरण्याची गरज नाही. हदीसच्या विद्वानांनी रावींची साखळी तपासण्याचे, कोण कोणाला भेटला होता, कोणाची स्मरणशक्ती कशी होती, कोण सचोटीचा होता, हे नोंदविण्याचे एक संपूर्ण शास्त्र उभे केले. सनद नसेल तर मजकूर कितीही गोड असो, त्यांनी तो तसाच स्वीकारला नाही. कुरआनमध्ये सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, असा आदेश आहे. ज्या उम्मतकडे ही परंपरा आहे, तिच्यातील माणसे व्हॉट्सॲपवर आलेला कागद न वाचता पुढे ढकलतात, याचे दुःख होते. आता तर प्रश्न विचारला की यंत्रच उत्तर तयार करून देते, तेही अत्यंत आत्मविश्वासाने. त्यालाही तोच प्रश्न विचारायचा : सनद काय?

एक उदाहरण कापडाचेच देतो. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली की, १ जानेवारी २०२२ पासून कापडावरील कर ५ ऐवजी १२ टक्के होईल. कागद खरा होता, सहीशिक्क्याचा होता. देशभरच्या कापड बाजारांतून विरोध झाला आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे ऐन आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. आता ज्याने फक्त नोव्हेंबरचा कागद पाहिला, त्याच्या हातात खरा कागद असूनही माहिती चुकीची. कागद खोटा आहे का, एवढेच विचारून भागत नाही. त्याच्यानंतर दुसरा कागद निघाला का, हेही विचारावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्याच्या सुतावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही हाच धडा कामाचा होता. जुन्या दराचे तक्ते इंटरनेटवरून आपोआप पुसले जात नाहीत. वर्गात मुलांना एकाच विषयावरचे असे दोन कागद द्यावेत आणि विचारावे, आज कोणता लागू? ही परीक्षा आठ फायदे आणि सहा तोटे यांपेक्षा पुष्कळ कठीण आहे.

तसेच ई-वे बिलाचे. राज्यातल्या राज्यात माल जात असेल तर महाराष्ट्रात एक लाखाच्या वर, आणि परराज्यात पाली, बालोत्रा, अहमदाबादकडे जात असेल तर पन्नास हजारांच्या वर हे बिल लागते, हे सर्वांना माहीत आहे. परंतु मजुरीच्या कामासाठी राज्यात ५० किलोमीटरच्या आत जाणारे सूत, कापड आणि तयार कपडे यांना राज्य सरकारने जून २०१८ च्या अधिसूचनेने यातून वगळले, हे किती मागवाल्यांनी स्वतः वाचले आहे? मुलाने अधिसूचना शोधावी, तारीख पाहावी, पुढे तीत बदल झाला का ते पाहावे आणि बापाला समजावून सांगावे. असा एक गृहपाठ दिला तर अर्ध्या मोहल्ल्याचे भले होईल.

वेबसाईटचा पत्ता वाचण्याची एक युक्ती येथे सांगून टाकतो, कारण ती आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना फार सोपी आहे. पत्ता इंग्रजीत डावीकडून लिहिलेला असतो, पण त्याचा खरा धनी ओळखायचा असेल तर पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग उजवीकडून वाचावा लागतो. आपल्या सरकारची बहुतेक संकेतस्थळे "डॉट जीओव्ही डॉट इन" या अक्षरांवर संपतात. ठग लोक सरकारी योजनेचे नाव पत्त्याच्या सुरुवातीला घालतात आणि शेवटी भलतेच काही असते. डावीकडून वाचणारा सुरुवातीलाच फसतो. उजवीकडून वाचण्याची सवय आपल्याला अलिफ-बे पासून आहे, ती येथे कामी येते.

भाषेचा प्रश्न मात्र विनोदाने सुटणारा नाही. उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा कॉलेजात येतो आणि इंग्रजी पडद्यासमोर बसतो. त्याला अक्कल कमी नसते, शब्द परके असतात. उर्दूतून शोधायला जावे तर व्यापाराच्या कामाचे फारसे काही हाती लागत नाही. याचे एक कारण असे की, १९९४ साली आलेल्या इनपेजमुळे उर्दूची छपाई सुंदर आणि सोपी झाली, परंतु त्यातला मजकूर इंटरनेटच्या समान लिपीसंकेतात नव्हता. पुष्कळ मजकूर चित्र म्हणून चढविला गेला आणि चित्रातले शब्द त्या काळच्या शोधयंत्रांना वाचता येत नव्हते. म्हणून शिक्षकाने पोर्टलवरचे चाळीस-पन्नास इंग्रजी शब्द उर्दूत आणि मराठीत फोडून सांगितले पाहिजेत. कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव यांत फरक काय, परतावा म्हणजे काय, वजावट म्हणजे काय. हे शब्द बाजारात रोज आपण बोलतो. मुलाच्या कानावर ते लहानपणापासून असतात. फक्त पडद्यावरचा इंग्रजी शब्द आणि दुकानातला शब्द यांची गाठ मारून देणारा कोणी हवा. आपल्यातले पुष्कळ जण मराठी वाचतात, बोलतात, म्हणून मराठीची मदत घेण्यातही संकोच नसावा.

आता वेळेचा हिशेब. आयोगाच्या नियमाप्रमाणे एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरतात. दोन श्रेयांकांचा पेपर प्रात्यक्षिकाचा केला, तर एका सत्रात ६० तास मिळतात. साठ तासांत मुलाला बिल तपासता येईल, सरकारी अधिसूचना शोधता येईल, उद्यमची नोंदणी करता येईल, बँकेचा संदेश खरा की बनावट हे ओळखता येईल आणि वर दहा तास उरतील. शिवाय नव्या रचनेत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प आहेत. कॉलेजे त्यासाठी जागा शोधत असतात. ती जागा आपल्या दुकानापेक्षा चांगली कोणती? पण तेथे मुलाला चहा आणायला आणि गठाणींवर नंबर घालायला ठेवले, तर तो शिकणार काय? त्याला बिलबुक द्या, पोर्टल उघडून द्या, आपण स्वतः शेजारी बसा. तो आपल्याला शिकवील, आपण त्याला धंदा शिकवू.

मुलींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्या वस्त्यांत कॉलेजला जाण्याची आवड मुलींमध्ये जास्त दिसते. मुलगा सोळाव्या वर्षी मागावर किंवा गाडीवर जातो, मुलगी बी.कॉम. करते. आणि मग तिची पदवी निकाहच्या बायोडाटावर जाते आणि संपते. इकडे बाप दुकानाचा हिसाब परक्याच्या हाती देतो. घरात शिकलेली, भरवशाची, पगार न मागणारी (खरे तर पगार दिला पाहिजे) मुलगी बसलेली असताना पासवर्ड गल्लीच्या टोकाला का राहावा? हे काम घरात बसून होते, पडद्याचा प्रश्न येत नाही, रात्री मगरिबनंतरही करता येते. हजरत खदीजा (र.) यांच्या तिजारतीचा उल्लेख आपण प्रत्येक जलशात अभिमानाने ऐकतो आणि घरी आल्यावर मुलीला खातेवही दाखवीत नाही.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला : मुले दिवसभर मोबाईलवरच असतात, त्यांना इंटरनेट आणखी काय शिकवायचे? मला वाटते, जो दिवसभर बाजारात फिरतो तो व्यापारी होतोच असे नाही. फिरणे वेगळे, भाव काढणे वेगळे. दुसरा आक्षेप दीनदार मंडळींचा आहे की, इंटरनेटवर बेहयाई आहे, मुले बिघडतील. चिंता रास्त आहे. पण मुलाच्या हातात मोबाईल कॉलेजने दिलेला नाही, तो आपणच घेऊन दिला आहे. तेव्हा ते दार बंद ठेवण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. मुलगा आत जातोच आहे, एकटा जातो की जाणत्या माणसाबरोबर, एवढेच आपल्या हाती आहे.

विणकर बांधवांसाठी एक गोष्ट लिहितो, जी व्यापारी म्हणून मला स्वतःला गैरसोयीची आहे. छोट्या कारखानदाराचा माल घेऊन त्याचे पैसे चार-चार महिने थकविणे हा आपल्या बाजाराचा जुना रोग आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. आयकराच्या नव्या कलमाने २०२३-२४ च्या हिशेबापासून यात जोर आणला. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात यावरून जी ओरड झाली ती आपण सर्वांनी ऐकली. पण याचा लाभ कोणाला? ज्याची उद्यम नोंदणी आहे त्याला. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आधारच्या आधारे, घरबसल्या आणि पूर्णपणे मोफत होते. तरी तिच्यासाठी हजार-दोन हजार रुपये घेणारे दुकानदार आणि सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे आहेत. थकलेल्या पैशाची तक्रार घरून नोंदविता यावी म्हणून केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये पोर्टलही सुरू केले. कायदा उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही देऊ करतो. व्याजाचे ज्याने त्याने आपल्या ईमानाप्रमाणे पाहावे, पण मुद्दल तर हक्काचे आहे. विणकराचा मुलगा कॉलेजात हे शिकून आला, तर आम्हा व्यापाऱ्यांना उधारी आखडती घ्यावी लागेल. घ्यावी लागो. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण आपल्याच प्रेषितांची (स.) आहे.

कारागिरांनाही हेच. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या यादीत १८ व्यवसाय होते. त्यात शिंपी आहे, लोहार आहे, सुतार आहे, कुलपे बनविणारा आहे. कापड विणणारा नाही. ही यादी मूळ ठिकाणी जाऊन वाचायला दोन मिनिटे लागतात. फॉर्मचे पैसे कोणाला देण्यापूर्वी ती वाचावी.

ठगबाजीबद्दल इतर ठिकाणी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी असतो. माल घेणारा म्हणून फोन करून "हा कोड स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल" असे जो सांगतो, तो ठग आहे. फोनवर किंवा व्हिडीओवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी खबर गेली तरच ती अडविता येते.

परत मूळ मुद्द्याकडे. कुरआनची सर्वांत लांब आयत कर्जाच्या आणि मुदतीच्या व्यवहाराच्या लिखापढीबद्दल आहे, सूरह बकराची २८२ वी. तीत लिहिणारा कातिब आहे, साक्षीदार आहेत. पण मजकूर सांगण्याचे काम कातिबाकडे दिलेले नाही. ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावे आणि कातिबाने लिहावे, तो असमर्थ असेल तर त्याच्या वलीने सांगावे. आपला ऑपरेटर हा कातिब आहे. त्याची मजुरी त्याला द्यावी, त्याचा आदर करावा. पण काय लिहिले जात आहे हे कळण्याइतपत इल्म मालकाला, नाहीतर त्याच्या घरातल्या कोणाला तरी, असलेच पाहिजे.

विश्वस्त मंडळांवर बसलेल्या बांधवांना विनंती आहे की, पुढच्या बैठकीत इमारतीचा रंग आणि स्नेहसंमेलन यांच्याबरोबर हा विषयही घ्यावा. प्राचार्यांना आणि वाणिज्य विभागाच्या शिक्षकांना बोलवावे, इंटरनेटच्या पेपरची गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागवून पाहावी आणि शहरातल्या दोन कारखानदारांना, एका शिंप्याला आणि एका जाणत्या सनदी लेखापालाला सोबत बसवून प्रात्यक्षिकांची यादी करावी. विषयाचा आराखडा विद्यापीठ ठरविते हे खरे, पण उदाहरणे आणि सराव शिक्षकाच्या हाती असतात. नमुन्यासाठी जुनी बिले, बिल्ट्या, नोटिशी आपण द्याव्यात, नावे व नंबर झाकून. शनिवारी दुपारी संगणकाची खोली रिकामी असते. तेथे पन्नाशीच्या वरच्या व्यापाऱ्यांसाठीही एक वर्ग लावता येईल. आम्ही मागच्या बाकावर बसू.

आणि जूनच्या प्रवेशांची वाट न पाहता होण्यासारखे एक काम आहे. आपल्या जीएसटी नोंदणीत कोणाचा मोबाईल आणि कोणाचा ईमेल आहे, हे या आठवड्यातच पाहावे. पासवर्ड आपल्याकडे असेल तर नोंदणीतील दुरुस्तीच्या भागात जाऊन अधिकृत सही करणाराचा नंबर आणि ईमेल बदलता येतो, नव्या नंबरावर ओटीपी येतो. ऑपरेटर सोडून गेला असेल आणि पासवर्डही मिळत नसेल, तर आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीचे आणि पेढीचे पुरावे घेऊन अर्ज करावा. तो नवा नंबर व ईमेल चढवून देतो. मग नोटिशींचे आणि आदेशांचे पान उघडून वरपासून खालपर्यंत वाचावे. शब्द अडला तर घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला हाक मारावी.